पाठीराखा

सोमवार, ५ जानेवारी

आले एकदाची. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, दोन पलंग, दोन टेबलं आणि एकच पण मोठी खिडकी. खिडकीतून कारखान्याची लांबच लांब पांढरी भिंत दिसते आणि भिंतीपलीकडे वायूच्या उंच टाक्या. मला इतकं प्रसन्न वाटत होतं की बॅग उघडायच्या आधी मी खिडकीत उभी राहून गुणगुणायलाच लागले.

खोलीतली दुसरी मुलगी आधीच आलेली होती. ती दुसऱ्या विद्यापीठाची आहे आणि बोलायला लागली की श्वास घ्यायलाही थांबत नाही. मनातल्या मनात तिचं नाव चिमणी ठेवलं. तिला वाटलं, मला एवढ्या मोठ्या कंपनीत जागा मिळाल्याचा आनंद झालाय. वाटू दे.

आमच्या उपयोजित पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक्रमात शेवटचं सत्र चिप बनवणाऱ्या कंपनीत काढावं लागतं. वर्गात सगळं गणितात असतं, इथे ते हाताने करायचं. आईला मी सांगितलं की सिलिकॉनच्या गोल चकत्या असतात, त्यांना वेफर म्हणतात. ती म्हणाली, मग बटाट्याचेच काय वाईट होते, निदान खाता तरी आले असते. ती हसली. माझ्या इथे येण्याबद्दल ती त्याहून जास्त काही बोलत नाही.

खरं सांगायचं तर मला पदार्थविज्ञान कधी आवडलं नाही. मला भाषा शिकायच्या होत्या. पण या कारखान्याच्या आत शिरायचं तर पदार्थविज्ञानाचाच रस्ता होता, म्हणून तो धरला. चार वर्षांपूर्वी माझा दादा याच अभ्यासक्रमातून इथे आला होता आणि इथल्या ॲसिडने गेला. कंपनीने म्हटलं, नियम मोडून तो एकटाच काम करत होता. बाबांनी ते मान्य केलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या हाताखाली आजवर एकालाही खरचटलेलं नाही आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, चूक यंत्राची नसते, माणसाची असते. मुलगा हलगर्जी निघाला, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. घरात त्याचं नाव निघत नाही.

पण दादा एकटा नव्हता. दवाखान्यात, शुद्धीवर होता तेवढ्या वेळात, त्याने मला सांगितलं होतं. मास्तर, म्हणजे इथे शिकाऊ मुलांना शिकवणारे, त्याच्या मागे होते. मागे आहे असं त्यांनी म्हटलं होतं, आणि मग ते तिथे नव्हते.

मी कॉलेजपासून आईचं आडनाव लावते. इथे मला कोणी ओळखत नाही. उद्या मास्तरांना भेटायचंय. झोप लागेल असं वाटत नाही, पण ती आनंदाने.

गुरुवार, ८ जानेवारी

आत जायचं म्हणजे अंघोळ घातलेल्या बाळासारखं गुंडाळून घ्यायचं. आधी टोपडं, मग अंगभर पांढरा सूट, त्यावर बूट, दोन हातमोजे, तोंडावर पट्टी, वर चष्मा. माणसाच्या कातडीतून सतत धूळ झडत असते आणि तिचा एक कण चिपवर बसला तर चिप वाया जाते. एकदा सूट चढला की बाई कोण, पुरुष कोण, साहेब कोण, काही कळत नाही. डोळे तेवढे दिसतात. चिमणी म्हणाली, बरंय, इथे कुणाला माझं नाक दिसणार नाही.

आतल्या एका भागात सगळा उजेड पिवळा असतो, कारण पांढऱ्या उजेडाने चिपवरचा लेप बिघडतो. तिथे दिवस आणि रात्र एकच. माणसं जुन्या फोटोतल्यासारखी दिसतात. या पिवळ्या खोलीच्या टोकाला ॲसिडचं टेबल आहे. उत्पादनाच्या मोठ्या ओळीवर ते काम यंत्रं करतात, पण शिकणाऱ्यांच्या ओळीवर अजून हातानेच करायचं. टेबलात एक चौकोनी कुंड, त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड, आणि वेफरची टोपली मुठीला धरून त्यात बुडवायची. हे ॲसिड इतरांसारखं लगेच भाजत नाही. ते कातडीतून मुकाट आत जातं, हाडापर्यंत, आणि शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. मग काळीज थांबतं. वेळेवर कॅल्शियमचं जेल चोळलं तर माणूस वाचतो.

म्हणून या टेबलावर एकटं काम करायचं नाही. काम करणाऱ्याच्या मागे हाताच्या अंतरावर एक जण उभा राहतो. पुस्तकात त्याला काहीतरी लांबलचक नाव आहे, इथे सगळे पाठीराखा म्हणतात. काम करणाऱ्याने टोपली हातात असताना मान वळवायची नाही, कारण मान वळली की हात वळतो. पंख्यांचा घोंगाट एवढा असतो की पावलं ऐकू येत नाहीत. म्हणून त्याने मधूनमधून विचारायचं, "आहे?" आणि मागच्याने म्हणायचं, "आहे." पाठीराख्याला जायचं असेल तर त्याची जागा घेणारा येऊन त्याच्या खांद्यावर थाप मारतो. थाप पडली की बाजूला व्हायचं, पुढचा उभा राहतो. थापेशिवाय जागा सोडायची नाही.

हे सगळं आम्हाला मास्तरांनी शिकवलं. शांत आवाजात, उदाहरणं देऊन. थापेबद्दल सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

मास्तर वाईट माणूस दिसत नाहीत, याचा मला फार त्रास होतो.

ते आमच्याच विभागातून शिकलेले आहेत. पन्नाशीचे, पोट सुटलेलं, जेवताना प्रत्येकाच्या डब्यात डोकावणार आणि वास घेऊन आपला अभिप्राय देणार. शिकाऊ मुलांना ते पोरं म्हणतात, मुलींनाही. चिमणीने एका यंत्राची भलतीच कळ दाबली तर ओरडले नाहीत. म्हणाले, यंत्र भित्रं आहे, तुझ्याहून जास्त घाबरलंय, आधी त्याला शांत कर. सगळे हसले. मीही हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

माझं ठरलेलं आहे. मला त्यांना हात लावायचा नाही. एक दिवस ते टेबलाशी उभे असावेत आणि मी त्यांच्या मागे. ते विचारतील आणि मी आहे म्हणेन. मग मी निघून जाईन, ते गेले होते तशीच. ते पुन्हा विचारतील. एवढंच. पुढचं ॲसिड बघेल.

अडचण एकच. चिमणी सांगत होती की गेली काही वर्षं मास्तर स्वतः त्या टेबलाला हात लावत नाहीत. खांबापाशी उभे राहून सूचना देतात. कुणीतरी चेष्टेने विचारलं तर म्हणे, म्हातारा झालो, हात कापतो. मी बघितलंय. त्यांचा हात अजिबात कापत नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

आज पहिल्यांदा मी टोपली धरली. मागे चिमणी. हात स्थिर होता. मला वाटत होतं, याच जागी दादा उभा होता, इथेच त्याने विचारलं असेल. मी विचारलं, "आहे?"

चिमणीने आहे म्हटलं. आणि तिच्या पाठोपाठ, तिच्याहून लांबून, दुसऱ्या कुणीतरी "आहे" म्हटलं.

मी वळले नाही. टोपली पाण्यात धुऊन खाली ठेवली आणि मग वळले. मागे चिमणी एकटीच. मी तिला विचारलं तर म्हणाली, हवेच्या नळातून आवाज घुमतो, तिलाही ऐकू आला, तिला वाटलं मीच माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. पलीकडे मास्तर खांबाला टेकून उभे होते. त्यांचे डोळे चष्म्यात एवढे मोठे झाले होते. मग ते बाहेर गेले.

तो आवाज पुरुषाचा होता. मला तो ओळखीचा आहे. मी घाबरले नाही. खोलीवर येऊन पोटभर जेवले.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

दादा डावी टाच किंचित घासत चालायचा. लहानपणी सायकलवरून पडला होता. आई म्हणायची, याचा एक बूट नेहमी आधी झिजतो, चोराला सुद्धा याचे बूट नको असतील.

आज दुपारी पिवळ्या खोलीत सूट घातलेला एक जण माझ्यापुढून गेला. डावी टाच घासत. ॲसिडच्या टेबलापाशी पोचला, कोपऱ्यावरून वळला. मी मागे गेले. तिथे भिंत आहे. वळायला जागाच नाही.

जेवायच्या सुट्टीत टेबलापाशी कोणी नसतं. मी तिथे उभी राहिले आणि सगळं बोलून टाकलं, चार वर्षांचं. पट्टीच्या आत तोंड हलवत, कुणाला दिसू नये म्हणून. मास्तर कसे मजेत जगतात, डबे कसे हुंगतात, हे सांगितलं. कंपनीने काय लिहिलं ते सांगितलं. मग बाबांचंही सांगितलं. म्हटलं, आपल्या बापानेही तुला हलगर्जी म्हटलं. तुझ्या बाजूने एक शब्द बोलले नाहीत. तुझी सायकल दुसऱ्या दिवशी देऊन टाकली. परक्यांचं जाऊ दे, दादा, घरच्यांनीच तुला पाठ दाखवली.

मग मी विचारलं, आहे?

पंखे चालू होते. माझ्या टोपड्याच्या अगदी जवळ, कानाशी, त्याने आहे म्हटलं.

आता आम्ही दोघं आहोत.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. सुरक्षेच्या विभागात नवीन बाई आल्या आहेत. उंच, तुटक बोलणाऱ्या, सगळ्यांना नियमात धरणाऱ्या. त्यांनी शोधून काढलं की टेबलावर शिकवणाऱ्याने दर वर्षी स्वतः काम करून दाखवायला हवं आणि मास्तरांनी ते टाळलंय. मास्तरांनी हाताचं कारण दिलं. बाई म्हणाल्या, हात कापत असेल तर शिकवणं बंद करा, नसेल तर दाखवा. पुढच्या गुरुवारी परीक्षा ठरली.

पाठीराखा कोण, असं बाईंनी विचारलं. माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. एखाद्याने आपला हिशेब मान्य करावा तशी.

चिमणीला माझं फार कौतुक वाटलं. म्हणाली, सगळे मागे सरकले, तू पुढे झालीस.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

जेवताना मास्तर माझ्या समोर येऊन बसले. त्यांनी डबा उघडला नाही. चिमणी काहीतरी विनोद करत होती, तिला त्यांनी चहा आणायला पाठवलं. मग टेबलाकडे बघत म्हणाले की पहिल्या दिवशीच त्यांनी मला ओळखलं होतं.

"सूटमध्ये माणसाचे डोळेच तेवढे दिसतात, पोरी. ते डोळे मी चार वर्षं रोज बघतोय."

त्यांनी सगळं सांगितलं. ते दादाच्या मागे उभे होते. बाहेरून निरोप आला की घरून फोन आहे, त्यांच्या मुलीला ताप चढला होता. दादाने विचारलं तेव्हा त्यांनी आहे म्हटलं आणि थापेची वाट न बघता निघाले, दारापर्यंतच तर जायचंय म्हणून. दादाने पुन्हा विचारलं असणार. उत्तर नाही. तो बघायला वळला. आरडाओरडा ऐकून ते धावत आले, पण चौकशीत म्हणाले की त्या दिवशी ते त्या टेबलावर नव्हतेच. नोकरी गेली असती. मुलगी आजारी होती. एकदा बोललेलं खोटं मग मागे घेता आलं नाही.

मी त्यांना विचारलं, मग माझं नाव परीक्षेला कसं चालू दिलंत. ते म्हणाले, तू कशाला आलीस ते मला माहीत आहे. तू मागे उभी राहा आणि तुला योग्य वाटेल ते कर. जगलो वाचलो तर त्याच संध्याकाळी तुझ्या वडिलांना फोन करून सगळं सांगेन, कंपनीलाही सांगेन. मेलो तर फिटलं.

मग म्हणाले, तोही येतो ना? आणि चिमणी चहा घेऊन आली.

चार वर्षं मी या माणसाचा द्वेष सांभाळला, भांड्याला कल्हई करावी तसा. आज तो पुसला गेला, आणि मला त्याचाच राग येतोय. पण मला जे हवं होतं ते मिळतंय. बाबांना मास्तरांच्याच तोंडून खरं कळेल. मला माणूस मारायचा नाही.

बुधवार, २५ फेब्रुवारी

टेबलापाशी गेले. दादाला सांगितलं की झालं, तो कबूल करतोय, आता सोड. उद्या मी मागून हलणार नाही.

विचारलं, आहे? उत्तर नाही.

पुन्हा विचारलं. नाही.

बाईंना जाऊन सांगितलं की माझ्याऐवजी दुसरं कुणी द्या. त्या म्हणाल्या, आयत्या वेळी कच खाणारी माणसं मला चालत नाहीत. मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, तूच हवीस.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

सकाळी झालं. आत्ताच लिहायला हवं, नंतर मला स्वतःचंच खरं वाटणार नाही.

मास्तर टेबलाशी. मी मागे. बाई टेबलाच्या टोकाशी, बघत. मास्तरांनी टोपली उचलली. "आहे?" मी आहे म्हटलं. टोपली आत गेली. त्यांचा हात दगडासारखा स्थिर होता. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं. मी पाय जमिनीत रोवले होते.

मग माझ्या खांद्यावर थाप पडली.

नेहमीची थाप. जोराची नाही, हळूही नाही. आणि माझं शरीर बाजूला झालं. मी विचार केला नाही. थाप पडली की बाजूला व्हायचं, इतके दिवस तेच अंगात भिनवलंय. एक पाऊल बाजूला झाले आणि जागा घेणाऱ्याकडे बघितलं.

कोणी नव्हतं.

मास्तरांनी विचारलं, "आहे?"

आणि मी सोडलेल्या जागेतून त्याने म्हटलं, "नाही."

मास्तर वळले.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

जेल लावलं. सगळं वेळेवर केलं. तरी बरंच आत गेलंय. ते दवाखान्यात आहेत.

बाईंनी लिहून दिलंय की मी जागा सोडली आणि "नाही" असं मीच म्हटलं. त्यांना स्वच्छ ऐकू आलं. त्या म्हणतात, पट्टीआडून आवाज बदलतो. मला कामावरून थांबवलंय.

चिमणी खोलीत आहे पण बोलत नाही. ही पोर गप्प बसलेली मी पहिल्यांदा बघतेय.

सोमवार, २ मार्च

मास्तर पहाटे गेले.

जायच्या आधी त्यांनी दोन गोष्टी केल्या. बाईंना बोलावून सांगितलं की पोरीचा दोष नाही, तिला बाजूला केलं गेलं. आणि चार वर्षांपूर्वीचं सगळं. मग नर्सला फोन कानाशी धरायला लावून बाबांशी बोलले.

बाई आज खोलीवर आल्या. पलंगावर बसल्या. म्हणाल्या, त्यांना काही समजत नाही, पण त्यांनी सगळं कंपनीला कळवलंय. दादाची चूक नव्हती असं आता लेखी होईल. मला रडू यायला हवं होतं. मला ऐकू येत होतं.

बाहेर, जिन्यात. टाच.

सोमवार, संध्याकाळ

आईचा फोन. ती रडत होती, पण वेगळं रडणं, जड काहीतरी खाली ठेवल्यासारखं. मग बाबांनी फोन घेतला. मला वाटलं आता ते म्हणतील. इतकी वर्षं वाट बघितली त्या वाक्याची.

मग म्हणाले, तो माणूस खोटं बोलला हे वाईटच. पण, "तरी त्यानं वळायला नको होतं. मी शिकवलं होतं त्याला."

त्यांच्या मागून, फोनमध्ये, अगदी जवळून, कुणीतरी "आहे" म्हटलं.

मी बाबांना विचारलं, तिथे कोण आहे. म्हणाले, कोणी नाही, तुझी आई स्वयंपाकघरात आहे.

मंगळवार, ३ मार्च

बाबा येताहेत.

त्यांना जागा बघायचीय. टेबल केवढं, पाठीराखा किती लांब, मान न वळवता माणूस कळतो का. स्वतः बघितल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही. लिफ्टचं सुद्धा असंच, दुसऱ्याने ठीक म्हटलं तरी स्वतः आत उतरून बघणार. बाईंनी परवानगी दिली. माणुसकी म्हणून. शिकाऊ ओळ बंद आहे, कुंड रिकामं केलंय, धोका काही नाही, म्हणाल्या.

मी फोन केला. नका येऊ म्हटलं. ते म्हणाले, तू इतकी वर्षं माझ्याशी भांडलीस की मी ऐकत नाही. आता ऐकायला येतोय तर नको म्हणतेस.

माझ्याच तोंडाने मी दादाला बाबांचं सांगितलं होतं. मीच —

मास्तरांनी कबूल केलं तरी त्याने सोडलं नाही. बाबांनी तर कबूलही —

बुधवार, ४ मार्च

मला आत जाऊ दिलं नाही. पाहुण्यांच्या सज्जात बसवलंय. इथून काचेतून पिवळी खोली दिसते. फोन दारावर काढून घेतला. वही राहिली, बरं झालं. बाबा कपडे बदलताहेत.

दार बाहेरून बंद केलंय. तुझ्याच भल्यासाठी, पहारेकरी म्हणाले.

आले. बाई पुढे. बाबा सूटमध्ये. त्यांचं चालणं मी कुठेही ओळखेन, हात मागे बांधून, मान खाली, फरशी बघत. त्यांच्या मागे आणखी एक.

बाईंनी सांगितलं होतं, आत दोघंच जाणार.

टाच.

काच वाजवली. दोन्ही मुठींनी. त्यांना ऐकू जात नाही, पंखे —

बाबा टेबलाशी. बाई त्यांना दाखवताहेत, टोपली कशी धरायची. बाबांनी टोपली हातात घेतली. वाकून बघताहेत. कुंड रिकामं आहे असं बाई म्हणाल्या होत्या. छतावर पाण्यासारखा उजेड हलतोय. कुंड रिकामं नाही.

बाई खांबाकडे गेल्या. कशाला गेल्या

तो हाताच्या अंतरावर उभा आहे. बरोब्बर हाताच्या अंतरावर. बाबांचं डोकं जरा वर झालं. त्यांना ऐकू आलंय. ते काहीतरी विचारताहेत, पट्टी हलतेय —

दादा नको. दादा ते आपले

बाबांची नजर काचेकडे येऊ शकते. मान न वळवता. मी इथे समोर आहे. मोठ्या अक्षरात लिहून काचेला लावते. एवढं एकच आहे जे त्याला हवंय.

बाबा

त्याला सांगा

तू हलगर्जी नव्ह